नापास होऊन दाखवा

लिनक्सच्या कर्नेलमधली एखादी टेस्ट बदलायला गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो प्रमाणाचा. त्याने दहा ओळी बदललेल्या असतात आणि त्यांवर शेरे आलेले असतात चाळीस ओळींचे. त्यातून ती टेस्ट केव्हीएमची असेल, म्हणजे कर्नेलच्या ज्या भागाच्या जिवावर एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन नांदतात त्या भागाची, तर विचारायलाच नको. शेऱ्यांची सुरुवात कौतुकाने होते आणि अनुभवी माणूस तिथेच सावरून बसतो. मग एकेक निघू लागतं. शीर्षकाच्या ओळीत ‘केव्हीएम: सेल्फटेस्ट्स:’ असा उपसर्ग हवा होता. वर्णनात ‘हा पॅच अमुक करतो’ असं लिहिलंय, ते चालणार नाही. हा ४०९६ कुठून आला? या असर्टचा, म्हणजे ‘हे खरं असलंच पाहिजे’ असं बजावणाऱ्या ओळीचा, संदेश ‘चुकलं’ एवढंच म्हणतो, काय चुकलं ते कोण सांगणार? हे सगळं निस्तरून माणूस पॅचची तिसरी आवृत्ती घेऊन आला, की रिव्ह्यूअर शांतपणे विचारतो, “मूळ दुरुस्ती काढून टाकून ही टेस्ट चालवून पाहिलीत का? फेल होते ना?” बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ कीस पाडण्याचा उद्योग वाटतो. त्यात थोडी करमणूक आहे हे मान्य. पण माझं म्हणणं असं, की कोडपेक्षाही टेस्टच्या बाबतीत हा खडूसपणा जास्त हक्काचा आहे आणि कीस बहुतेक वेळा योग्य जागीच पाडला जातो.

केव्हीएम कर्नेलमध्ये दाखल झालं २००७ च्या फेब्रुवारीत, २.६.२० या आवृत्तीबरोबर. ते लिहिणारी कुमरानेट ही इस्रायली कंपनी पुढच्याच वर्षी रेड हॅटने विकत घेतली. आज गूगलचं क्लाउड केव्हीएमवर चालतं आणि ॲमेझॉनची नायट्रो यंत्रणाही त्याच्याच पायावर उभी आहे. म्हणजे मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरात एकाच लोखंडी पेटीत दोन अनोळखी कंपन्यांचे हिशेब शेजारी शेजारी चालू शकतात, आणि मधली भिंत सांभाळायचं काम या कोडकडे असतं. ही भिंत कशी ढासळते याचं एक उदाहरण गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधक गटाने २०२१ मध्ये मांडलं. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीच्या कोडमध्ये, व्हर्च्युअल मशीनच्या आत पुन्हा व्हर्च्युअल मशीन चालवण्याची जी सोय आहे तिथे, कर्नेल गेस्टच्या, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या, मेमरीतली काही माहिती आधी वाचून तपासायचं आणि नंतर तीच पुन्हा वाचून वापरायचं. मधल्या निमिषात गेस्टने ती बदलली, की तपासलं एक आणि वापरलं भलतंच. परिणाम असा, की गेस्टमध्ये बसलेला माणूस थेट होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या यंत्राच्या, कर्नेलमध्ये. असल्या जागी पहारा देणाऱ्या टेस्टची उलटतपासणी कुणी कठोरपणे केली, तर त्यावर हसण्याआधी जरा थांबावं.

केव्हीएमच्या सेल्फटेस्ट कर्नेलच्या सोर्स कोडमध्ये २०१८ पासून आहेत, आणि त्या लिहिण्याची पद्धत मोठी मजेची आहे. टेस्ट हा एक साधा प्रोग्राम. तो कर्नेलकडे एक व्हर्च्युअल मशीन मागतो आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टीम वगैरे काही न घालता फक्त एक फंक्शन सोडून देतो. बहुतेक टेस्टमध्ये त्याचं नाव ‘गेस्ट कोड’ असंच असतं. बारशाला कुणी फार वेळ घालवलेला नाही. या बिचाऱ्या गेस्टपाशी स्क्रीन नाही, फाइल नाही, नेहमीची सी लायब्ररीही नाही. त्याला काही बोलायचं असेल तर एक्स८६ प्रोसेसरवर तो हेक्साडेसिमल १००० क्रमांकाच्या पोर्टवर काहीतरी लिहितो. तसं लिहिल्याबरोबर प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो आणि होस्टच्या बाजूचा कोड बघतो की याला काय हवंय. इथपर्यंत पोचलो, संपलं, किंवा माझा असर्ट मोडला, असे मोजके निरोप ठरलेले असतात. आता गफलत कुठे होते ती बघा. टेस्ट लिहिणाऱ्याने गेस्टला एकदा चालवलं, तो बाहेर आला, आणि तो का बाहेर आला हे न विचारताच ‘पास’ म्हणून प्रोग्राम संपवला, तर गेस्ट आत बोंबलत असतो की माझा असर्ट मोडलाय, आणि होस्ट दाखला सही करून मोकळा. ही टेस्ट रोज पास होते, सगळ्या यंत्रांवर होते, अगदी केव्हीएम मोडलेलं असतानासुद्धा होते. कंपायलरचीही एक वेगळी तऱ्हा आहे. गेस्टने मेमरीतली एक जागा वाचावी एवढ्यासाठीच एखादी ओळ लिहिलेली असते. वाचलेल्या किमतीचा पुढे उपयोग काही नसतो. कंपायलर हुशार, तो ही ओळ निरुपयोगी ठरवून गाळून टाकतो. ज्या वाचण्याची परीक्षा घ्यायची ते घडतच नाही आणि टेस्ट मात्र झोकात पास. म्हणून ‘ही जागा खरोखर वाच’ असं कंपायलरला बजावणारं ‘रीड वन्स’ वापरा, असा रिव्ह्यूअर पिच्छा पुरवतो, आणि नवख्याला वाटतं हा उगाच छळतोय.

कोकणात देवाला कौल लावतात. उजवा कौल आला तर काम करायचं, डावा आला तर थांबायचं. ज्या देवाने आजवर कधी डावा कौल दिलाच नाही, त्याच्यापुढे फुलं-तांदूळ लावण्यात काय हशील? फेल होऊ न शकणारी टेस्ट म्हणजे असला देव. आणि ‘दुरुस्ती काढून चालवून पाहिलीत का’ हा प्रश्न म्हणजे, तुमच्या देवाला डावं देता येतं याची खात्री करा, एवढंच. केव्हीएमच्या एक्स८६ भागाच्या मेंटेनरांनी २०२३ मध्ये आपली कार्यपद्धती कर्नेलच्याच दस्तावेजात लिहून ठेवली. एक अपवाद सोडला तर प्रत्येक नव्या वैशिष्ट्याची टेस्टने तपासणी झालीच पाहिजे, असं तीत आहे. त्याहून महत्त्वाचा भाग असा, की हार्डवेअरची एखादी नवी सोय सुरू करायची असेल तर नकारार्थी टेस्ट सक्तीच्या: चुकीची गोष्ट केली की योग्य ती चूक मिळते का, हे तपासणाऱ्या. कारण त्यांनीच दिलंय आणि ते बिनतोड आहे. नुसती व्हर्च्युअल मशीन चालवून बघितली तर चुकांच्या वाटा क्वचितच तुडवल्या जातात. नीट वागणारा गेस्ट कधीच त्या वाटेने जात नाही, आणि जो जातो तो टेस्ट लिहून जात नाही.

फेल न होण्याचा आणखी एक राजरोस मार्ग आहे: परीक्षेला न बसणं. टेस्टला हवी ती सोय प्रोसेसरमध्ये नसेल तर ती ‘स्किप’ म्हणून बाहेर पडते. त्यासाठी ४ हा एक्झिट कोड राखून ठेवलेला आहे. यात गैर काही नाही. इंटेलच्या यंत्रावर एएमडीच्या खास गोष्टी कोण तपासणार? गंमत निकालपत्रकात आहे. कर्नेलचा टेस्ट चालवणारा प्रोग्राम अशा टेस्टपुढे आधी ‘ओके’ लिहितो आणि मग ओळीच्या शेवटी बारीक आवाजात ‘स्किप’. निकालांच्या त्या नमुन्याचा नियमच तसा आहे. त्यामुळे शंभर ओळींवरून अंगठा सरकवणाऱ्या माणसाला सगळीकडे ओकेच दिसतं. म्हणून ‘ही अट इथे का घातलीत, आणि ती गरजेपेक्षा मोठी तर नाही ना’ असं रिव्ह्यूअरने विचारलं, की समजावं माणूस ओळीच्या टोकापर्यंत वाचतो. हाच न्याय त्या ४०९६ ला. पेज ४०९६ बाइटचं असतं हे एक्स८६ च्या घरचं सत्य. आर्मवर ते १६ किंवा ६४ किलोबाइटचंही असू शकतं. तिथे ही टेस्ट एक तर विनाकारण फेल होईल, नाहीतर त्याहून वाईट, तपासायचं सोडून भलतंच तपासून पास होईल. तेव्हा आकड्यावरून घातलेला वाद हा आकड्याचा नसतोच.

भाषेच्या नियमांवर मात्र हसायला मुभा आहे, आणि थोडं हसावंच. पॅचचं वर्णन आज्ञार्थी लिहायचं असा कर्नेलचा जुना दंडक आहे. ‘मी हे बदललं’ नाही, ‘हे बदल’. जणू कोड समोर हात बांधून उभा आहे आणि तुम्ही त्याला हुकूम सोडताय. उभ्या आयुष्यात ज्याला घरी-दारी कुणी हुकूम सोडू दिला नसेल, त्याच्यासाठी ही पर्वणीच. वर उल्लेख केलेली कार्यपद्धती पुढे असंही सांगते, की कॉमेंटमध्ये सर्वनामं टाळा. म्हणजे मी नाही, आम्ही नाही. हा नियम मराठी स्तंभलेखनाला लावला तर रविवारच्या पुरवण्या चार पानी होतील. पण त्या नियमाच्या शेजारीच जे लिहिलंय त्यात खरं मर्म आहे: कोड काय करतो हे कॉमेंटमध्ये पुन्हा सांगू नका, का करतो ते सांगा. ‘आम्ही इथे जरा थांबतो’ यातला ‘आम्ही’ नेमका कोण? होस्टचा धागा (थ्रेड), गेस्ट, कर्नेल की स्वतः लेखक? व्हर्च्युअल मशीनच्या टेस्टमध्ये एकाच पानावर एवढी मंडळी वावरत असतात, की सर्वनाम आलं की घोटाळा झालाच. वर्णनात ‘फिक्सेस’ म्हणून मूळ चुकीच्या बदलाच्या खुणेची पहिली १२ अक्षरं द्यावी लागतात, तीही अशीच. बघायला शिष्टाचार, पण जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्याला त्यावरूनच कळतं की ही दुरुस्ती आपल्या पदरात घ्यायची की नाही.

व्हेरिएबलच्या क्रमाचं मात्र समर्थन माझ्याच्याने होत नाही. फंक्शनच्या सुरुवातीला सर्वांत लांब घोषणा वर आणि सर्वांत आखूड खाली, म्हणजे ख्रिसमसचं झाड उलटं टांगल्यासारखी आकृती व्हावी, अशी कर्नेलच्या काही भागांत रीत आहे. केव्हीएमच्या दस्तावेजात ती सक्तीची नाही, तरी पसंतीची आहे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘सक्ती नाही, पण पसंती आहे’ या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ओळींच्या लांबीचंही थोडं तसंच. ८० कॉलमांची मर्यादा आली पंचकार्डांच्या जमान्यातून, आणि २०२० मध्ये चेकपॅच नावाच्या तपासनीस स्क्रिप्टने आपली कुरकुर १०० कॉलमांपर्यंत लांबवली, तेव्हा आभाळ काही कोसळलं नाही. ही आवडनिवड आहे. ती सगळ्यांनी सारखी पाळली की डोळ्यांना बरं पडतं, यापलीकडे तिचं तत्त्वज्ञान करू नये.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत लाडका असा, की टेस्ट काही गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालत नाही, मग तिच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? कर्नेल नीट लिहा, टेस्ट चालतेय तशी चालू दे. मला नेमकं उलट वाटतं. कर्नेलचा कोड चुकला तर कुठेतरी काहीतरी आपटतं, कुणीतरी तक्रार घेऊन येतं, मूळ सापडतं. चुकीची टेस्ट पास होत राहिली तर तक्रार करणार कोण? ‘तुमची टेस्ट हिरवी आहे हो’ अशी फिर्याद घेऊन आजवर कुणी आलेलं नाही. कोडवर पहारा ठेवायला टेस्ट असते. टेस्टवर पहारा ठेवायला तो एक चिकित्सक वाचणारा सोडला तर कुणीच नाही. शिवाय पॅचखाली ‘रिव्ह्यूड बाय’ म्हणून त्याचं नाव पडतं, ते आभारप्रदर्शन नव्हे. त्या ओळीचा अर्थ काय, हे कर्नेलच्या नियमांत लेखी आहे: मी तांत्रिक तपासणी केली, माझ्या शंका लेखकाला कळवल्या, मिळालेल्या उत्तरांनी माझं समाधान झालं. हमी देत नाही असंही तिथेच नमूद आहे, पण नाव कायमचं तिथे राहतं. ज्याचं नाव लागणार तो प्रश्न विचारणारच.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे: माणसं कशाला, यंत्रं करतील की. काही अंशी करतातही, आणि करावं. मोकळ्या जागा, ओळींची लांबी, कुठल्या प्रोसेसरवर कंपाइल होत नाही, हे शोधायला चेकपॅच आहे, पॅच आल्याबरोबर बांधून बघणारे रोबो आहेत. या गोष्टींसाठी माणसाचा वेळ खर्चू नये. पण रोबो सांगतो ते ‘पास झाली’ एवढंच. पास व्हायला हवी होती का, हे त्याला ठाऊक नसतं, कारण ते कोडमध्ये लिहिलेलंच नसतं. ते लिहिणाऱ्याच्या मनात असतं, आणि कित्येकदा तिथेही धूसरच असतं. यावर कुणी म्हणेल, कर्नेल मुद्दाम मोडून टेस्ट पकडते का ते यंत्रालाच बघू द्या. उत्तम कल्पना. मात्र कुठे मोडायचं हे ठरवायला टेस्टचा हेतू कळावा लागतो, आणि हेतू कळण्यासाठी वर्णनात तो लिहिलेला असावा लागतो. तो लिहिलेला नाही म्हणूनच तर रिव्ह्यूअरने तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ताणलेलं असतं.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला टोलवून चालणार नाही: या काचात नवखे पळून जातात. सातव्या आवृत्तीला सर्वनाम काढायला सांगितलं, तर माणूस सर्वनामाबरोबर स्वतःलाही काढून घेतो. त्यात उत्तरासाठी थांबावं लागतं. निदान आठवडाभर तरी आठवण करून देऊ नका, असा कर्नेलचाच सल्ला आहे, आणि नव्या आवृत्तीची गर्दी चालू असेल तर आणखी थांबा. यावर कठोरपणा सोडा हा उपाय नव्हे. शेऱ्यांची प्रतवारी करा, हा आहे. कुठला शेरा नुसता नखरा आणि कुठल्या शेऱ्यावाचून पॅच पुढे जाणार नाही, हे रिव्ह्यूअरने स्पष्ट लिहावं. बरेच जण बारीकसारीक गोष्टींपुढे ‘निट’, म्हणजे किरकोळ, असं लिहितात, तो शहाणपणा आहे. आणि खरे जाणते मेंटेनर तर पॅच घेताना स्वल्पविराम आणि उलटं झाड स्वतःच नीट करून टाकतात. दोन मिनिटांत स्वतः होणाऱ्या कामासाठी दुसऱ्याचा आठवडा घालवणं, याला काटेकोरपणा म्हणत नाहीत.

हा सगळा खडूसपणा मुरला की टेस्ट कशी दिसते, ते आरसेक टेस्टमध्ये पाहावं. आरसेक म्हणजे आपला धागा कुठल्या प्रोसेसरवर आहे हे प्रोग्रामला कळवणारी कर्नेलची सोय. २०२१ मध्ये केव्हीएममध्ये एक चूक सापडली: गेस्टमध्ये शिरायच्या तोंडावर धागा एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर हलवला गेला, तर प्रोग्रामला आपला जुनाच पत्ता दिसत राहायचा. ती पकडणारी ही टेस्ट. तिच्यात एक धागा दुसऱ्याला या प्रोसेसरवरून त्या प्रोसेसरवर सारखा हुसकत असतो, एक लाख वेळा. दोन हुसकण्यांच्या मध्ये एक ते दहा मायक्रोसेकंद थांबण्याची एकच ओळ आहे, आणि तिच्या डोक्यावर तिच्या कित्येक पट लांब कॉमेंट. थांबायची तीन कारणं क्रमांक घालून दिलीत, आणि हाच पल्ला का निवडला याचाही खुलासा आहे. डुलकी एवढीशी आणि अर्ज केवढा! पण ती ओळ कुणी ‘उगाच आहे’ म्हणून उडवली, तर चूक टेस्टच्या हातून सहज निसटू शकेल. बरं, एवढं करून टेस्टला निवांतपणा आहे म्हणावं, तर २०२२ मध्ये ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीने हीच आरसेकची नोंदणी स्वतःहून करायला सुरुवात केली, टेस्टची नोंदणी नाकारली जाऊ लागली आणि केव्हीएममध्ये काहीही बिघडलेलं नसताना टेस्ट दुरुस्त करावी लागली.

मला सगळ्यांत आवडतो तो या टेस्टच्या शेवटी असलेला असर्ट, कारण तो कर्नेलबद्दल नाहीच. तो टेस्टने स्वतःवर घेतलेला संशय आहे. लाख हुसकण्यांत गेस्ट निदान पन्नास हजारांहून जास्त वेळा चालला का, हे ती मोजते. नसेल, तर चूक सापडली नाही म्हणून खुशाल पास होण्याऐवजी स्वतःच फेल होते आणि सांगते की इतक्याच फेऱ्या झाल्या, काम फारच रेंगाळलं का? संदेशाच्या शेवटी खरोखरच प्रश्नचिन्ह आहे. पुढे काही यंत्रांवर प्रोसेसर मधल्या वेळात गाढ झोपी जाऊ लागले, उठायला उशीर करू लागले आणि टेस्ट विनाकारण फेल होऊ लागली. सोपा मार्ग असर्ट काढून टाकण्याचा होता. तो न काढता २०२४ मध्ये संदेश वाढवला गेला, आणि आता ही टेस्ट फेल झाली की आधी आपली शंका विचारते, मग प्रोसेसरची गाढ झोप कशी मोडायची याचे दोन उपाय सुचवते, आणि एवढं करूनही जमत नसेल तर ‘-यू’ देऊन ही तपासणी बंद करायला मोकळीक देते. म्हणजे ज्याला ती नको असेल त्याला निदान स्वतःच्या हाताने तसं टाइप करावं लागतं.